ब्रेकचं पेडल खाली जातंय? ऑइल ओतण्याआधी कारण शोधा

नाशिकच्या गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडी थांबवताना पेडल नेहमीपेक्षा जरा जास्त खाली जातं, दुसऱ्यांदा दाबलं की बरं लागतं, आणि विषय तिथेच राहतो. बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकचं दुखणं असंच सुरू होतं. शहरात वेग तीस-चाळीसचा असतो, म्हणून ते खपून जातं. पण नाशिककराची गाडी फार दिवस शहरात राहत नाही. मुंबईला निघालं की कसारा घाट उतरायचा, सुरतेकडे निघालं की सापुताऱ्याच्या पुढचा उतार, आणि सप्तशृंगी गडावरून परतताना नांदुरीपर्यंत सगळी वळणं खाली येणारी. तिथे पेडल दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळेलच, असं धरून चालता येत नाही.

ज्यांनी आजवर स्टेपनी बदलण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ब्रेक कशामुळे बिघडला हे घरच्या पार्किंगमध्ये, जवळजवळ पूर्णपणे शोधता येतं. दुरुस्ती मात्र अर्धीच घरी करावी. कुठली अर्धी, याबद्दल मी आग्रही आहे आणि ते पुढे स्पष्ट सांगतो.

ब्रेक ऑइल खर्च होत नसतं

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ एक अर्धपारदर्शक छोटी टाकी दिसते. तिच्यावर मॅक्स आणि मिन अशा खुणा असतात. पेडल खाली जायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो हाच: "ऑइल कमी झालं असेल, टाकून घ्या." ऑइल टाकल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो आणि गाडी बरी झाली असं वाटतं. हाच सर्वांत धोकादायक उपाय आहे.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं, पण ब्रेक ऑइल जळत नाही आणि संपतही नाही. पातळी उतरायला दोनच कारणं असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबणारे पॅड झिजले की त्यांना धरणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे जागा वाढते आणि तेवढं ऑइल खाली जातं. हे महिनोन्महिने सावकाश होतं. दुसरं कारण गळती. महिन्याभरात पातळी बोटभर उतरली असेल तर ती गळतीच आहे, मग ती जमिनीवर दिसो वा न दिसो. नुसतं ऑइल ओतलं की पहिल्या प्रकारात झिजलेले पॅड लपतात आणि दुसऱ्या प्रकारात गळकं सील लपतं. म्हणून आज पातळी कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि झाकण लावून ठेवा. ओतायचं ते कारण सापडल्यावर.

पायापासून चाकापर्यंत काय घडतं ते थोडक्यात. पेडलच्या मागे एक दांडा असतो, तो बूस्टर नावाच्या मोठ्या गोल डब्यात शिरतो. बूस्टर इंजिनाकडून मिळणाऱ्या व्हॅक्यूमच्या जोरावर तुमच्या पायाची ताकद वाढवतो. त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर, तो ऑइलवर दाब देतो. तिथून ऑइल बारीक नळ्यांतून चारही चाकांना जातं आणि पुढच्या चाकांत पॅड डिस्कवर, तर बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत लायनर (घर्षणाच्या पट्ट्या) ड्रमवर आतून दाबतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोचतो. हवा दाबली जाते, म्हणून नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तुमचा पाय आधी तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र मार्ग असतात, बहुतेक गाड्यांत तिरपे जोडलेले: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक मार्ग गेला तरी दुसरा थोडाफार ब्रेक देतो, पण पेडल खूप खाली जातं आणि थांबायला बरंच जास्त अंतर लागतं.

आधी खाली वाकून बघा

तपासणी सुरू करण्यापूर्वी टॉर्च घेऊन पेडलच्या मागे बघा. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली, पुढे सरकलेली मॅट, मुलांचं खेळणं यामुळे पेडल अडकल्याचे प्रसंग खरोखर घडतात. कंपनीच्या मॅटवर दुसरी जाड मॅट टाकली असेल तर ती काढून टाका. पेडल हाताने आडवं हलवून बघा. दांडा जिथे जोडलेला असतो तिथली पिन खिळखिळी असेल, तर कट-कट असा आवाज येतो.

आता गाडी सपाट जागी घ्या. बऱ्याच सोसायट्यांच्या तळघरात रॅम्पचा उतार असतो, तिथे नको. हॅण्डब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये) आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढच्या सगळ्या चाचण्या गाडी उभी असतानाच करायच्या आहेत.

पायाने करायच्या चाचण्या

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. प्रत्येक दाबागणिक ते कडक होत जाईल, कारण बूस्टरमध्ये साठलेलं व्हॅक्यूम संपत असतं. आता पेडलवर पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं की बूस्टर काम करतोय. काहीच हललं नाही, दगडासारखं कडकच राहिलं, तर बूस्टर किंवा त्याला व्हॅक्यूम आणणारा पाइप यांच्यात दोष आहे. पेडल खाली जाणं आणि पेडल कडक होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत; गॅरेजमध्ये "ब्रेक लागत नाही" एवढंच सांगितलं की ती एकत्र होतात आणि चुकीचा पार्ट बदलला जातो.

इंजिन चालूच असू द्या. पेडल मध्यम जोराने दाबून मिनिटभर धरा, मग तेच हलक्या पायाने करा. थोडं खाली जाऊन ते थांबलं पाहिजे. ते सावकाश, न थांबता खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेही ऑइल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी वायसर गेली आहेत; ऑइल बाहेर न येता आतल्या आत मागे सरकतंय. हलक्या पायाने बघायला मुद्दाम सांगितलं, कारण झिजलेलं वायसर जोराच्या दाबाखाली फुगून नीट बसतं आणि हलक्या दाबाखालीच ऑइल सोडतं. सिग्नलला उभं असताना पेडल हळूहळू खाली जाण्याची तक्रार याचीच असते.

तिसरी चाचणी इंजिन बंद करून. पेडल एकदा दाबा आणि ते कुठे थांबलं ते लक्षात ठेवा. सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबा. दुसऱ्यांदा वर थांबलं पण स्पंजसारखं दबत असेल, तर नळीत हवा आहे. दुसऱ्यांदा वर थांबलं आणि घट्टही लागलं, तर हवा नसून कुठेतरी अंतर वाढलंय, बहुधा मागच्या ड्रममधल्या लायनरचं. मागे ड्रम असणाऱ्या गाडीत याची खात्री करायला साधी युक्ती आहे. हॅण्डब्रेक सोडून पेडल दाबा, मग हॅण्डब्रेक पूर्ण ओढून पुन्हा दाबा. हॅण्डब्रेक ओढल्यावर पेडल बरंच वर थांबलं तर लायनर ड्रमपासून लांब गेले आहेत, कारण हॅण्डब्रेकने ते अंतर आधीच भरून काढलं. हॅण्डब्रेकची दांडी पूर्वीपेक्षा जास्त वर येत असेल तर तीही हेच सांगते.

एक चाचणी रात्रभर उभ्या गाडीवर करा. सकाळी इंजिन सुरू न करता पेडल दाबा. पहिला दाब मऊ लागला पाहिजे. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर व्हॅक्यूमच्या पाइपमधला एकमार्गी व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवत नाहीये, किंवा पाइप चिरलाय. तो बॉनेटखालचा जाड रबरी पाइप असतो. पेडल दाबल्यावर डॅशबोर्डखालून फुस्स असा आवाज सतत येत असेल आणि इंजिन थरथरत असेल, तर बूस्टरच्या आतला पडदा फाटलेला असू शकतो.

चालत्या गाडीत ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्क असमान झिजली आहे. ती लगेच फेल होणारी गोष्ट नव्हे, पण काढून बघायला हवी. अचानक जोरात ब्रेक लावल्यावर जी खडखड लागते ती एबीएसची (जोराच्या ब्रेकमध्ये चाकं अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) असते आणि ती चांगल्या ब्रेकची खूण आहे. त्या वेळी पाय उचलू नका.

गळती शोधताना

चारही चाकांची आतली बाजू टॉर्चने बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, तेलकट पट्टा असेल तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रममधले लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर) किंवा कॅलिपर गळतोय. चाकाजवळची वाकणारी रबरी नळी हातात घेऊन वाकवा. भेगा दिसल्या तर ती बदलायची. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून नळीकडे बघा. दाबाखाली ती फुगताना दिसली, तर बाहेरून धड असली तरी आतून खराब आहे. खाली लोखंडी नळ्यांवर गंज असतो, पण पोपडे सुटलेला ओलसर गंज वेगळा दिसतो. इगतपुरीकडे, पावसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा रोज तिकडे जाणाऱ्या गाड्यांच्या नळ्या वर्षातून एकदा तरी वाकून बघाव्यात.

लोक विसरतात ती जागा म्हणजे मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांचा सांधा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या डब्यात उतरतं. जमिनीवर थेंब नाही, चाकं कोरडी, आणि पातळी मात्र कमी होत जाते. त्या सांध्याखाली कागदी नॅपकिन फिरवा. ओला झाला तर उत्तर मिळालं. एसीचं पाणी आणि ब्रेक ऑइल यांत घोळ होऊ नये म्हणून बोटाला लावून बघा: पाणी निसरडं लागत नाही आणि लवकर सुकतं. नंतर हात साबणाने धुवा.

घाटात मऊ झालेलं पेडल

हा प्रकार मी वेगळा काढला आहे, कारण गाडी गार झाल्यावर वरच्या एकाही चाचणीत तो दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. सीलबंद डॉट ३ ऑइलचा (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, आणि पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे काही वर्षं न बदललेलं ऑइल पासष्ट ते पंच्याहत्तर अंश आधीच उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेकवर सतत पाय ठेवला की डिस्क तापते, उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलला लागते, ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल थेट तळाला जातं. अर्ध्या तासाने सगळं गार झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल अगदी ठीक लागतं. "काही नव्हतं, आपोआप बरं झालं" असं म्हणून लोक पुढे निघतात. तसं निघू नका. ऑइल बदलेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची ही सवय आजही दिसते, ती आजच सोडा. इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांत बूस्टरचं व्हॅक्यूम संपतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. चढताना जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला धरतं.

आणि चालत्या गाडीत पेडल तळाला गेलंच, तर पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा, आणि हॅण्डब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरत दांडी थोडी थोडी ओढा. एकदम ओढली तर मागची चाकं घसरतात. इंजिन बंद करू नका.

घरी करण्यासारखं मुख्य काम: ऑइल बदलणं आणि हवा काढणं

पेडल स्पंजसारखं असून गळती कुठेही नसेल, किंवा ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर हे काम घरी होतं. दोन माणसं हवीत. निपल म्हणजे प्रत्येक चाकाजवळची, ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी. तिच्या मापाचा रिंग पाना (बहुधा ८, १० किंवा ११ मिलिमीटर, फिक्स पान्याने निपलच्या कडा गोल होतात), निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, रिकामी बाटली, जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. ऑइल टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचंच घ्या आणि सीलबंदच घ्या. पूर्ण बदलायला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. गॅरेजच्या फळीवरची उघडी, अर्धी बाटली स्वस्त मिळाली तरी नको, तिने पाणी शोषलेलं असतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल वेगळं आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. आणि या टाकीत इंजिन ऑइलचा किंवा पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका. रबरी वायसर फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. घोडी लावायची, गाडी तिच्यावर उतरवायची, ढकलून बघायची, मगच बसायचं. घोडी नसेल तर काम पुढे ढकला. विटा रचून चालत नाही, वीट भाराखाली एकदम फुटते.

टाकीभोवती पुसून घ्या, जुनं काळपट ऑइल सिरिंजने जेवढं निघेल तेवढं काढा आणि नवीन भरा. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर चोळत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून क्रम साधारण असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही मॉडेलांत क्रम वेगळा दिलेला असतो, तेव्हा पुस्तिकेचं ऐका. निपल गंजून अडकलं असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर थांबा. जोर लावून तोडलंत तर कॅलिपरच बदलावा लागेल.

इंजिन बंद. पेडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात वायसर एरवी कधी पोचत नाही तिथे गंज आणि मळ साठलेला असतो. पेडल तळापर्यंत नेलं की वायसर त्यावर घासून कापलं जातं आणि धड मास्टर सिलिंडर त्याच दिवशी निकामी होतो. निपलवर नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत, तळाशी थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेलं.

हाका आधी ठरवून घ्या. चाकाशी बसलेला म्हणतो, "दाब." वरचा पेडल हळू दाबतो, दाबूनच ठेवतो आणि म्हणतो, "धरलं." खालचा निपल पाव फेरा सैल करतो. ऑइल नळीतून येतं, पेडल खाली जातं, तरी वरच्याने पाय उचलायचा नाही. खालचा निपल बंद करतो आणि मग म्हणतो, "सोड." निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला गेला तर नळी उलटी हवा ओढते आणि सगळी मेहनत वाया जाते. वर आई किंवा बाबा बसले असतील तर हाक "दाबा", "सोडा" होईल, पण क्रम हाच. घाई करणाऱ्या माणसाला पेडलवर बसवू नका.

दर चार-पाच वेळांनंतर टाकीतली पातळी बघा. ती मिनच्या खाली गेली की मास्टर सिलिंडर हवा ओढू शकतो आणि मग पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. प्रत्येक चाकातून स्वच्छ, फिकट, बुडबुडा नसलेलं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. शेवटी निपल घट्ट करा, पण ताकद दाखवू नका, ते लहान आणि पोकळ असतं. त्यावरची रबरी टोपी बसवा, नाहीतर पावसाळ्यात चिखल भरून पुढच्या वेळी ते उघडणार नाही.

सगळं झाल्यावर एकाने पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याने चारही निपलं कोरड्या कपड्याने पुसून बघा. एबीएसच्या गाडीत साधं ऑइल बदलणं या पद्धतीने होतं. पण टाकी पूर्ण रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्येच हवा गेली असेल, तर ती काढायला बहुतेक गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. तो प्रकार गॅरेजचा.

पॅड आणि लायनर

पॅडवरचा घर्षणाचा थर ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदला. काम अवघड नाही: कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलायचा, पूर्ण काढलाच तर तारेने बांधून ठेवायचा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) हळू आत ढकलायचा. या वेळी टाकीतलं ऑइल वर येतं, म्हणूनही आधी ओतू नका असं म्हटलं होतं. ओतलेलं असेल तर ते आता बाहेर सांडेल. स्लाइड पिनांना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना) ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदला.

आता सर्वांत महत्त्वाचं. नवे पॅड बसवल्यावर पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. गाडी हलवण्याआधी, जागेवरच, पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरून गाडी सुरू करून निघालेला माणूस पार्किंगच्या भिंतीवर जाऊन थांबतो.

मागचा ड्रम काढताना हॅण्डब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांचे दगड नीट बघा. ड्रम अडकला तर बऱ्याच गाड्यांत त्यावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने फिरवत गेलं की ड्रम स्वतःहून सुटतो. आतली धूळ फुंकायची नाही, मास्क लावून ब्रेक क्लीनरने धुवायची. ड्रम बाहेर असताना कुणीही पेडलला पाय लावायचा नाही, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात. व्हील सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर बदलायचा, आणि ऑइल प्यायलेले लायनर धुऊन वापरायचे नाहीत, तेही बदलायचे. सगळं कोरडं असून नुसतं अंतर वाढलं असेल तर दोन लायनरांमधल्या अ‍ॅडजस्टरचं (अंतर कमी-जास्त करणाऱ्या भागाचं) दातेरी चाक थोडं थोडं फिरवा. ड्रम बसवल्यावर चाक हाताने फिरताना अगदी हलकं घासल्याचा आवाज यावा, पण अडकू नये.

चिरलेला व्हॅक्यूम पाइप बदलणं हे तर क्लिप काढून लावण्याचं काम आहे. फक्त ब्रेकसाठीचाच पाइप घ्या, साधा पाण्याचा पाइप व्हॅक्यूममुळे आत चिपकतो.

इथे थांबा

मास्टर सिलिंडर, बूस्टर, लोखंडी नळ्या, एबीएसचं युनिट आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीचे ब्रेक या पाच गोष्टी पहिल्यांदा काम करणाऱ्याने घरी उघडू नयेत. तिथे अर्धवट जमलेलं काम पार्किंगमध्ये बरोबर वाटतं आणि रस्त्यावर सोडून देतं. मास्टर सिलिंडरचं नुसतं किट (आतल्या रबरांचा संच) टाकून देतो असं मेस्त्री म्हणाला, तर आतली भिंत गंजलेली किंवा चरे पडलेली आहे का हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. चरे असतील तर नवीन किट फार टिकत नाही, पूर्ण असेंब्लीच बदलून घ्या. तुम्ही केलेल्या चाचण्या कागदावर लिहून द्या: "हलक्या पायाने दाबल्यावर मिनिटभरात तळाला जातं, बाहेर गळती नाही." चांगल्या मेस्त्रीला यातून अर्धं काम झाल्यासारखं होतं.

पेडल तळाला जाणारी गाडी गॅरेजपर्यंत "हळूहळू" चालवत नेऊ नका. दोर बांधून ओढत नेणं त्याहून वाईट, कारण पुढची गाडी थांबली की मागची थांबू शकत नाही. सपाट ट्रकवर चढवून नेणारी टोइंग गाडी बोलवा. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये ही मदत असते, पॉलिसीचा कागद काढून बघा.

रस्त्यावर नेण्याआधी

चाकाचे नट आधी हाताने, मग समोरासमोर अशा क्रमाने आवळा आणि गाडी जमिनीवर आल्यावर शेवटचा जोर द्या. इंजिन सुरू करून पेडलची उंची आणि मिनिटभराची चाचणी पुन्हा करा. ती पास झाली तरच गाडी हलवा. पहिल्यांदा पार्किंगमध्येच, चालण्याच्या वेगाने, हात हॅण्डब्रेकवर ठेवून. मग सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला सुट्टीच्या दिवशीचा मोकळा, सपाट रस्ता गाठा. वीसला, मग चाळीसला ब्रेक लावून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचं काम चुकलंय, परत या. नवे पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर घाट नको आणि उगाच जोरात ब्रेकही नको.

निघालेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बाटलीत बंद करून जवळच्या गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपापर्यंत पोचवा. टाकीवर आजच्या पातळीला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा आणि बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आठवड्याने सकाळी, गाडी गार असताना, सपाट जागी पुन्हा बघा. पातळी पट्टीच्या खाली गेलेली दिसली, तर कपडा घेऊन ज्या निपलला शेवटचा हात लावला होता तिथून शोधायला सुरुवात करा.